आधी गाडी बँकेची

इस्लामी बँकेत व्याज नसतं, एवढंच मला ठाऊक होतं. पण मुलाखतीत मी अशी जाणकार मान हलवली की कुवेतच्या त्या बँकेनं मला थेट ‘बौद्धिक भांडवल’ विभागात घेतलं. काम काय, तर जुन्या माणसांच्या डोक्यातलं कसब काढून कॉम्प्युटरात घालायचं.

सुरुवात वाहन विभागापासून झाली. तिथं ग्राहकाला कर्ज देत नसत. त्याला हवी ती गाडी बँक आधी स्वतः विकत घेई, मग नफा धरून त्याला हप्त्यांनी विकी. तोवर ग्राहक ताटकळत बसे. ते बघून मलाच स्वस्थ बसवेना. मी सिस्टिममध्ये क्रमच फिरवला. ग्राहकाची सही आधी, बँकेची खरेदी मागाहून, सवडीनं. कामं झरझर उरकायला लागली, साहेब खूश. माझा अकामा, म्हणजे कुवेतमधला राहण्याचा परवाना, संपत आला होता. आता नूतनीकरण कुठं जात नाही, असं मी घरी मिरवलं.

मग शरिया मंडळाचे वृद्ध शेख तपासणीला आले.

“ग्राहकानं सही केली, तेव्हा गाडी कोणाची होती?”

“शोरूमची, शेख.”

“मग तू त्याला नेमकं काय विकलंस?”

“वेळ,” मी ऐटीत म्हणालो.

वेळ विकून पैसा कमावणं, यालाच तर व्याज म्हणतात!

त्या सगळ्या व्यवहारांचा नफा बँकेला हराम ठरला नि दानात गेला. माझे इजिप्तचे साहेब म्हणाले, “मबरूक, अभिनंदन! एवढा दानधर्म या बँकेत कुणाच्याच हातून झाला नव्हता.” माझ्या अकाम्याबद्दल मात्र चकार शब्द नाही.

सलवा भागातल्या घरात मी येरझारा घालू लागलो. बायको इस्पितळात नर्स, ड्यूटीवरून आली की म्हणे, “बसा हो जरा! पोराची शाळा सोडवायची की नाही, तेवढं विचारून या. आणि तुमच्या डोक्यातलं कॉम्प्युटरात घालू नका म्हणावं.”

शेवटी अकामा झाला, पण अट घालून. बँक गाडी घेईल तेव्हा मी स्वतः राई भागातल्या शोरूममध्ये जाऊन ताबा घ्यायचा, मगच ग्राहकाची सही.

तेव्हापासून मी भर उन्हात, तापलेल्या बॉनेटवर हात ठेवून बँकेचा मालकी हक्क बजावत उभा. परवा एक ग्राहक किल्लीसाठी हात पुढे करून म्हणाला, “भाई, और कितना टाइम?”

मी म्हणालो, “टाइम का मुझसे मत पूछो.”