दोन तासांचं लेसर

मशीन थंड व्हायच्या आतच कंपनीच्या माणसाने माझ्या हातात सर्टिफिकेट ठेवलं. 'लेसर एक्स्पर्ट' म्हणून माझं नाव आणि शेजारी सोनेरी शिक्का. ट्रेनिंग दोन तासांचं. त्यातला अर्धा तास लाईट गेली होती.

सावेडीतल्या या स्किन क्लिनिकमध्ये मी नुकतीच लागले होते. त्याआधी वीस वर्षं आयसीयूत नर्स. तिथे सलाईन लावायला शिकले, तेव्हा सिनियर सिस्टर कित्येक दिवस माझ्या मागे उभ्या राहायच्या. इथे चेहऱ्यावरची लव जाळायला दोन तास पुरले.

आमच्या मॅडम त्वचारोगतज्ज्ञ. दर गुरुवारी त्या नेवाशाला पेशंट तपासायला जायच्या. म्हणाल्या, "सिस्टर, या गुरुवारी राहुरीची एक मुलगी येईल. ओठांवरची लव काढायचीय. तुम्ही करून टाका."

"आधी तुमच्यासमोर एखादी केस करू का?"

"कंपनीने चार्ट दिलाय की. आकडा बघायचा, बटण दाबायचं."

बुधवारी दुपारी क्लिनिक रिकामं होतं. मी तो आकडा स्वतःच्या हातावर लावून बघितला. या आकड्याला फ्लुएन्स म्हणतात. म्हणजे एका शॉटला कातडीत किती ऊर्जा जाते ते. कातडी जितकी सावळी, तितकी ती ऊर्जा जपून द्यावी लागते. चार्टवर 'मीडियम स्किन' लिहिलं होतं. कुठल्या देशातली मीडियम, ते लिहिलं नव्हतं. मी तीन शॉट मारले. संध्याकाळपर्यंत तीन फोड आले.

सकाळी मॅडमना हात दाखवला. त्यांनी मलम दिलं आणि म्हणाल्या, "आज पूर्ण बाह्यांचा एप्रन घाला. पेशंटला दिसायला नको."

"आणि त्या मुलीचं?"

"सेटिंग थोडं कमी ठेवा."

"थोडं म्हणजे किती?"

मॅडमनी गाडीची किल्ली उचलली. "व्हेंटिलेटर सांभाळलेत तुम्ही. याला काय घाबरता?"

दुपारी मुलगी आली, सोबत तिची आई. आई म्हणाली, "लगीन आठ दिसांवर आलंय, ताई. लवकर उरका."

मी म्हणाले, "मॅडम नाहीत. आणि मला हे अजून नीट येत नाही."

वीस वर्षांत पेशंटसमोर असं कधी बोलले नव्हते. लाज वाटली. मग बाही वर केली. मुलीचा हात आपोआप ओठांवर गेला. आईने फोड निरखून पाहिले.

"व्हय का. मंग न्हाई करायचं. थ्रेडिंग करू," ती म्हणाली आणि मुलीला घेऊन गेली.

संध्याकाळी मॅडम चिडल्या होत्या. "पेशंट परत पाठवलात? नोकरी नकोय का?"

"हवीय. लग्नाच्या मुलीचा ओठ भाजला असता तर नोकरी राहिली नसती. क्लिनिकचंही सांगता येत नाही."

मॅडमनी दिव्याखाली माझा हात धरून फोड पुन्हा बघितले, या वेळी डॉक्टरसारखे.

सोमवारपासून खरं ट्रेनिंग सुरू झालं. आधी मी त्यांच्या केसेस नुसत्या बघायच्या. मग मी करायच्या आणि त्यांनी शेजारी उभं राहायचं. प्रत्येकाला आधी कानामागे एक टेस्ट शॉट, मग काही दिवस थांबायचं. प्रत्येक केस वहीत लिहायची, खाली त्यांची सही. तीन महिन्यांनी त्यांनी मला एकटीला सोडलं.

दरम्यान राहुरीहून त्या बाईंच्या दोन भाच्या आणि एक शेजारीण आल्या. बाईंनी त्यांना सांगितलं होतं म्हणे, "तिथली नर्स, तिला येत नसंल तर सरळ न्हाई म्हणती."

मॅडमनी मला विचारलं, "हे जाहिरातीत घालायचं का?"

येत नाही हे सांगायला ट्रेनिंग लागत नाही. नोकरी जायची तयारी लागते, एवढंच.