सैतानाला थांबता येतं का

ओल्या कोळशाचा वास आला की मला वणीतलं आमचं घर आठवतं आणि मोठ्या भावाच्या दफनानंतरची ती दुपार. दारू प्यायलेल्या ड्रायव्हरने कोळशाचा ट्रक त्याच्या मोटारसायकलवर घातला होता. बाहेर पाऊस भुरभुरत होता, रस्त्यावरून काळं पाणी वाहत होतं आणि शेजारणीने आणलेली खिचडी तशीच गार पडली होती. सांत्वनाला आलेले पास्टर आईला म्हणाले, "त्या माणसाच्या अंगात सैतान शिरला होता, ताई." आई भिंतीला टेकून बसली होती. तिने विचारलं, "सैतानाले थांबता येते का, पास्टर?" ते म्हणाले, "नाही. वाईटाशिवाय त्याला दुसरं काही करताच येत नाही." "मंग त्याचं नाव कायले घेता? थांबता तर ड्रायव्हरले येत होतं. ब्रेक त्याच्या पायाखाली होता." पास्टरांनी बायबल मिटलं. आई रडली नाही, मीही नाही. ती उठली आणि तिने त्यांच्यासाठी चहा टाकला. गेल्या रविवारी माझ्या मुलीचा बाप्तिस्मा झाला. सैतानाचा त्याग करता का, असं तिथल्या पास्टरांनी विधीप्रमाणे आम्हा आई-वडिलांना सगळ्यांसमोर विचारलं तेव्हा मी "हो" म्हणाले. खरं तर मला त्याचा जरासुद्धा राग येत नव्हता.