मिक्सरचं कव्हर

गेल्या वर्षी माझ्या वहिनीचं बाळ सातव्या महिन्यात पोटातच गेलं. त्याबद्दल जास्त लिहिणं मला जमणार नाही. एवढंच आठवतं की हॉस्पिटलमधले इंग्रजी कागद दादाने माझ्या हातात दिले होते. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच, म्हणून वाचायचं काही असलं की ते माझ्याकडे येतं. मी ते कागद पुन्हा पुन्हा वाचले. अक्षरं सगळी कळत होती, अर्थ एकाही ओळीचा लागत नव्हता. आई आणि दादा माझ्या तोंडाकडे बघत उभे होते.

तेव्हा घरात बाळासाठी सगळं आधीच आणून ठेवलेलं होतं. दादाने म्हापशाच्या बाजारातून झबली, टोपडी, छोटी गादी आणली होती. नंतर आईने ते सगळं एका पिशवीत भरून कोणाला तरी देऊन टाकलं. कोणाला, ते आम्ही विचारलं नाही.

यंदा वहिनीला पुन्हा दिवस गेले तेव्हा त्यामुळेच कोणी काही बोललं नाही. डॉक्टरकडे जायचं असलं की दादा म्हणायचा, "डिचोलीत जरा काम असा." वहिनी गुपचूप चप्पल घालायची. परत आली की सरळ भांडी घासायला बसायची, जसं काही ती बँकेत जाऊन आली होती. तिच्या ओठांवर सारखं काहीतरी येऊन परत जातंय असं मला वाटायचं. विचारायचं धाडस मात्र मला होत नव्हतं.

कॉलेजातल्या एका मैत्रिणीने मला मोबाईलवर जपानी हातशिलाईचे व्हिडिओ दाखवले. गडद निळ्या कापडावर पांढऱ्या जाड दोऱ्याने घातलेले साधे धावते टाके, त्यातून चांदण्यांसारखी नक्षी उठलेली. त्याला साशिको म्हणतात. त्यात एक तागाच्या पानाची नक्षी होती. ताग भराभर आणि सरळ वाढतो, म्हणून तिकडे ती नक्षी लहान मुलांच्या कपड्यांवर घालतात, असं मी वाचलं. लगेच मी त्या नक्षीचं छोट्या गोधडीचं किट मागवलं. वहिनीसाठी मला काहीतरी करायचं होतं आणि दुसरं काही मला सुचत नव्हतं.

पार्सल तिठ्यावरच्या दुकानात येऊन पडलं. ते दादाच घेऊन आला.

"ह्यां कसलां गे?"

"साशिको," मी म्हटलं. "जपानी शिवणकाम. गोधडी शिवूची."

"सासूको?" त्याने डबा हलवून पाहिला. "आये, तुझ्यासाठी आयलां गे ह्यां. सुनेन मागवलां."

स्वयंपाकघरात वहिनी फिसकन हसली. ती हसली की नाकाने हसते. बरेच महिने तो आवाज घरात झाला नव्हता. आईने वर न बघता म्हटलं, "सुनेक सांग, सासू अजून जिवंत असा, पांघरूण घालूची घाई करू नको."

पण डबा उघडून मी कापड पसरलं तेव्हा आईच्या लक्षात आलं. एवढीशी गोधडी मोठ्या माणसाची नसते. ती हात पुसत माझ्याजवळ आली आणि हळू आवाजात म्हणाली, "बाळासाठी आदी काय एक शिवूचां नाय. हातात येऊंदे. मगे काय तां शिव."

मी कापड गुंडाळायला लागले. माझंच चुकलं असं वाटून कान गरम झाले होते. तेवढ्यात वहिनी दारात येऊन उभी राहिली. तिने सगळं ऐकलं होतं.

"बाळासाठी खंय?" ती म्हणाली. "आपल्या मिक्सराक कव्हर नाय मां. त्याचां करतलों."

आईने तिच्याकडे पाहिलं, मग मिक्सरकडे पाहिलं, आणि ती परत चुलीकडे गेली.

त्या दिवसापासून दुपारी मी कॉलेजहून आले की आम्ही दोघी जनेलाकडे, खिडकीच्या उजेडात, चटई घालून बसायचो. किटबरोबर एक कागद होता. एका बाजूला जपानी आणि दुसऱ्या बाजूला बारीक इंग्रजी. वहिनीने तो माझ्याकडे सरकवला. "तू शिकलेली, तू वाच." या वेळी मात्र अर्थ लागला. दोऱ्याला गाठ मारायची नाही, सुरुवातीचे टाके उलटे घालून टोक दडवायचं. टाका तांदळाच्या दाण्याएवढा. लांब सुईवर बरेच टाके एकदम भरायचे, दोरा ओढायचा आणि मग कापड बोटांनी ताणून सारखं करायचं, नाहीतर ते आकसतं. माझं आकसायचंच. वहिनीचे टाके माझ्यापेक्षा मोठे होते, पण तिचं कापड सपाट राहायचं.

"तुझो तांदूळ बासमती," मी तिला म्हणायचे.

"आणि तुझी कणी," ती म्हणायची.

घरातल्या सगळ्यांनी ते कव्हर मनावर घेतलं. दादा संध्याकाळी कामावरून आला की चौकशी करायचा, "मिक्सराचां खंयपर्यंत पावलां?" एकदा त्याने ते पसरलेलं पाहिलं आणि म्हणाला, "ह्यां मिक्सराचां की गिरणीचां?" वहिनी म्हणाली, "मिक्सर वाढतलो मां." म्हणून झाल्यावर तीच दचकली आणि खाली बघून सुईत दोरा ओवायला लागली. दादाही चहा घ्यायला आत गेला. आम्हा सगळ्यांनाच माहीत होतं आणि कोणालाच ते तोंडावाटे काढायचं नव्हतं.

सातवा महिना लागला तशी वहिनी पुन्हा गप्प झाली. सुई हातात धरून ती नुसती बसून राहायची. मी माझ्या बाजूने टाके घालत राहायचे आणि कॉलेजातलं काहीबाही सांगायचे. ती ऐकत होती की नाही, माहीत नाही. एकदा तिने माझा हात धरून पोटावर ठेवला. आतून हालचाल लागली. मी तिच्याकडे बघितलं तर ती बाहेर माडाकडे बघत होती.

त्याच आठवड्यातली गोष्ट. मी घरी आले तर चटई रिकामी. गोधडीचं कापड मागच्या दोरीवर वाळत होतं. मी धावत गेले. आम्ही घातलेली चतुर्थांश नक्षी जागेवर होती, पण बाकीचं कापड कोरं निळं झालं होतं. त्यावर छापलेल्या रेषा पाण्यात जाणाऱ्या असतात, सगळं शिवून झाल्यावरच ते धुवायचं असतं. हे कागदावर लिहिलेलं होतं. मी ते वहिनीला सांगितलं होतं, आईला सांगायचं मला सुचलंच नव्हतं.

"आये, कित्याक धुतलंस?" माझा आवाज चढला असावा. "सगळी नक्षी गेली."

आई दोरीजवळच होती. ती गोंधळली. "मिठाच्या पाण्यात घातलंय जरा. निळो रंग जाता," ती म्हणाली. "आणि कोरां कापड तां. खळ असता त्याका. बाळाच्या अंगाक टोचलां तर?"

मग ती थांबली. आपण काय बोललो ते तिला ऐकू आलं. तिचा हात तोंडाकडे गेला आणि मध्येच राहिला. मी तिला असं घाबरलेलं क्वचितच पाहिलं आहे. वहिनी मागच्या दारात उभी होती.

वहिनी हळूहळू पायऱ्या उतरली. तिने ओल्या कापडावर हात फिरवला.

"मिक्सराच्या अंगाक, म्हणूचां होतां आईंका," ती म्हणाली.

"होय," आई म्हणाली. "मिक्सराच्या."

मग आईने पदर डोळ्यांना लावला आणि वहिनीने तिच्या खांद्यावर हात ठेवला. सासू-सुनेत असं काही होताना मी आमच्या घरात पाहिलेलं नव्हतं. मी कापडाचे चिमटे उगाच सरळ करत राहिले.

नक्षी पुन्हा काढायचा मी प्रयत्न केला. पट्टी आणि कोनमापक घेऊन बसले. ताग एका बाजूला वाकडाच होत गेला. वहिनीने बराच वेळ बघितलं, मग आंघोळीच्या साबणाची झिजलेली चकती आणली आणि कापडावर सरळ रेषा ओढायला लागली. एकीखाली एक, नुसत्या रेषा. काही सरळ आल्या नाहीत. तिने त्या पुसल्याही नाहीत. तोवर तिला सांगणारी मी होते, आता ती म्हणायची, "हयसून धर," आणि मी धरायचे. एका कोपऱ्यात जपानी पानं आणि बाकी सगळीकडे आमच्या दोघींच्या ओळी, अशी ती गोधडी होत गेली. आत घालायला आईने आपली जुनी सुती साडी घडी करून मेजावर आणून ठेवली. आम्ही तिच्याकडे बघितलं तर म्हणाली, "मिक्सराक आतसून मऊ नको?"

एक कड शिवायची राहिली होती तेव्हा वहिनीला बांबोळीच्या मोठ्या हॉस्पिटलात न्यावं लागलं. दादा आणि आई बरोबर गेले. माझी परीक्षा होती. पेपरात मी काय लिहिलं ते मला आठवत नाही. बाहेर येऊन मोबाईल चालू केला तर वहिनीचाच फोन आला. आवाज दमलेला होता.

"चेडू झालां," ती म्हणाली. मुलगी झाली होती. ती पुढे म्हणाली, "आणि ऐक. माझ्या खाटेर बाळाची गोधडी असा. ती घेऊन ये."

घरी जाऊन गोधडी घेतली आणि बांबोळीला जायला साखळीहून मी पणजीची बस धरली. राहिलेली कड बसमध्ये पुरी करू असं ठरवलं होतं, पण बस इतकी हादरत होती की सुई परत डबीत ठेवली.

वॉर्डात शेजारच्या खाटेवरच्या बाईंनी गोधडी हातात घेऊन पाहिली आणि कुठून घेतली ते विचारलं. वहिनीने ती त्यांच्याकडून परत मागून घेतली. "माझ्या चेडवाची ती," ती म्हणाली. "घराकडे शिवली आमी." तिने ती नीट पसरली, बाळाला त्यावर ठेवलं आणि एका हाताने पोट झाकल्यासारखं तिला झाकून धरलं. मी वाकून बघितलं. बाळ झोपेत ओठ हलवत होतं.

आई पायथ्याशी बसली होती. तिने उघडी राहिलेली कड बोटांनी चाचपली.

"ह्यां शिवून टाक गे लवकर," ती मला म्हणाली. "पाय मारूक लागली काय त्यात अडकतली. मगे रांगतली, बाहेर खळ्यात न्हेतली ओढून. घट टाके घाल."