डाव्या पायासाठी पुढची सीट

माझी आई आज माझ्याजवळ आहे ती वर्ध्याजवळच्या बोरगाव मेघेतल्या काकूंमुळे. काकू माझ्या नात्यातल्या नाहीत. घराच्या पुढच्या खोलीत त्यांचं तिकिटांचं दुकान आहे. एक टेबल, एक कॉम्प्युटर, भिंतीला लागून एक बाक. आधी त्या रेल्वे रिझर्वेशनचे फॉर्म भरून द्यायच्या, आता विमानाची तिकिटंही काढतात. स्वतःचं नाव छापलेलं त्यांना आवडणार नाही, म्हणून इथे नुसतं काकू. पण काय झालं ते सांगायच्या आधी त्यांना पुढे बसवल्याशिवाय मला लिहवत नाही.

मी पवनारचा. आठवीत शाळा सोडली आणि वर्ध्याच्या एका हॉटेलात कांदे कापायला लागलो. तिथून नागपूर, मग पुणे, आणि आता न्यूझीलंडच्या एका लहानशा गावात भारतीय जेवणाच्या हॉटेलात स्वयंपाकी आहे. शाळा अर्ध्यात सोडलेल्या माणसाला एक धास्ती जन्मभर पुरते : आपण वाचलं त्याचा अर्थ आपल्याला नीट लागला का? कुठलाही फॉर्म मी दोनदा वाचतो, बायकोला वाचायला लावतो, आणि पाठवून झाल्यावर पुन्हा उघडून बघतो, आता काही बदलता येत नसलं तरी.

बायकोला आई नाही. त्यामुळे आमचं लग्नापासून ठरलेलं, की बाळंतपणाच्या वेळी माझी आई इथे हवी. आई धाम नदीकाठच्या वावरातली वांगी, मेथी वर्ध्याच्या बाजारात नेऊन विकायची. एक दिवस बसमधून उतरताना भाजीची पाटी सावरायला गेली आणि स्वतः पडली. डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. पाय वाचला, पण वाकेना. डॉक्टरांना मी फोनवर विचारलं की विमानात दहा-दहा तास बसू शकेल का. ते म्हणाले, पाय लांब ठेवता येत असेल तर जाऊ द्या, लटकत ठेवून नको, सूज चढेल, रक्ताची गाठ धरेल.

पाय लांब करता येतो तो विमानाच्या पुढच्या भागात. तिथलं तिकीट विकत घेणं माझ्या हातचं नव्हतं. पण ऐकून होतो, की विमान कंपनीचं मेंबर झालं की मागच्या सीटवरून पुढे बसवतात.

आता माझी चूक सांगतो. आमच्याकडे जागा ओळखीवर मिळते. रोजच्या बसचा कंडक्टर आईची पाटी ड्रायव्हरच्या मागे ठेवू द्यायचा, तिला दारामागची सीट धरून ठेवायचा. मला वाटलं विमानाचंही असंच असेल. मेंबर व्हायचं, तोंडओळख ठेवायची. एकदा सुट्टी संपवून परतताना मुंबई विमानतळाच्या काउंटरवर मी गोरसपाक बिस्किटांचा डबा ठेवला आणि म्हणालो, मॅडम, आमचं वर्ध्याचं आहे, पुढच्या वर्षी माझी आई येणार आहे, तिच्यावर लक्ष असू द्या. त्या मुलीने डबा अगदी हळू माझ्याकडे परत सरकवला. "सर, आम्हाला घेता येत नाही," म्हणाली. वाईट बोलली नाही. पण मागे रांग होती आणि रांगेने सगळं पाहिलं होतं. डबा मी विमानात एकट्यानेच संपवला.

पुढच्या सुट्टीत काकूंकडे गेलो तो आईच्या तिकिटाची चौकशी करायला. खिशातून चार कार्डं काढून टेबलावर मांडली. दर वेळी जे तिकीट स्वस्त ते मी घेत आलेलो, आणि त्या त्या कंपनीचा मेंबर होत गेलेलो. चारही ठिकाणी थोडे थोडे पॉइंट.

काकूंनी कार्डं पत्त्यांसारखी पिसली. "चार वावरात एकेक मूठ पेरली तुनं. पीक कुठं येईन?"

"मंग कोन्तं ठेवू? माहा मित्र म्हनते हे घे. दोन चकरांत चांदीचं कार्ड भेटते."

"कोन मित्र?"

"आमच्या हॉटेलात तंदूर सांभाळते."

"मंग तंदूरच सांभाळू दे त्याले." त्यांनी चष्मा लावला. "हे चांदीवाले पुढं बसवते म्हंजे कसं बसवते? आधी सांगते, का दारात गेल्यावर?"

"दारात. जागा उरली तं."

"म्हंजे वेटिंग. पोटुशी बाई तिकडं वाट पाहून राह्यली अन् तू मायले वेटिंगवर पाठोतं?"

बाकावर एक म्हातारे गृहस्थ रेल्वेच्या तिकिटासाठी थांबले होते. त्यांनी विचारलं, "इमानात बी वेटिंग असते काय, बाई?"

"सगळीकडं असते, काका. इथं फक्त नाव चांगलं ठेवते."

बायकोला तेव्हा दिवसही गेलेले नव्हते, पण काकूंच्या बोलण्यात ती आताच पोटुशी झाली होती. मी दुरुस्त केलं नाही. मग त्यांनी जे विचारलं, ते तोवर मला कोणीच विचारलं नव्हतं.

"कोन्ता पाय?"

"काय?"

"मायचा कोन्ता पाय वाकत नाई?"

"डावा."

त्यांनी एका जुन्या फॉर्मच्या मागे रेघोट्या ओढल्या. नागपूर-मुंबई एक, मुंबई-सिंगापूर दुसरं, आणि तिथून शेवटचं मोठं. "लहान दोनात डाव्या हाताले रस्ता असलेली सीट पाहू. थोडा पाय रस्त्यात ठेवून, मधात उठून, निभते. पॉइंट जमव ते मोठ्यासाठी. साऱ्याच इमानांसाठी जमवाले बसला तं नातू शाळेत जाईन."

मी इतके महिने कार्डाचा रंग पाहत होतो, आणि या बाईने पाय पाहिला.

मग आम्ही दोघांनी नियम वाचायला घेतले. काकू म्हणाल्या, मले इंग्रजी तेवढंच येते जेवढं तिकिटावर असते. मला तेवढं येतं जेवढं भाजीच्या खोक्यावर असतं. दोघांनी मिळून एकेक ओळ लावली. दुपारचं जेवण राहून गेलं. एका ठिकाणी काकूंनी पडद्यावर बोट ठेवलं. "हे पाह्य, इथं लपवून ठेवलं." सगळ्यात स्वस्त तिकिटावर पॉइंट लावून पुढे जाताच येत नव्हतं. त्याच्या वरचं तिकीट घेतलं तरच. म्हणजे मी नेहमीसारखं स्वस्तातलं काढलं असतं, तर जमवलेले सगळे पॉइंट पाण्यात गेले असते.

शेवटी जे कार्ड निवडलं, त्याला रंग नव्हता, भेटवस्तू नव्हती, विमानतळावर बसायला वेगळी खोली नव्हती. पण ती कंपनी मुंबईपासून शेवटपर्यंत नेत होती. पॉइंट लावले की सीट तिथल्या तिथे पक्की होत होती. आईचं नाव माझ्या खात्यात आधी नोंदवलं तर माझे पॉइंट तिला लागत होते. आणि आमच्या गावातल्या एका किराणा दुकानाचे पॉइंटही त्यात वळवता येत होते.

दीड वर्ष आम्ही त्याच एका दुकानातून सामान आणलं. जवळचं दुकान सोडून लांब चालत गेलो. सुट्टीला याच कंपनीने आलो-गेलो, मित्र दुसऱ्या कंपनीने स्वस्तात जाऊन आले आणि मला हसले तरी. त्या मेंबरशिपच्या कागदांत निष्ठा असा काहीसा मोठा शब्द आहे. मी कधी कधी विचार करायचो, की मी कोणाशी निष्ठा ठेवतोय? कंपनी मला ओळखत नाही. काउंटरवरची मुलगी दर वेळी नवी असते. पण हळूहळू मला ते बरंही वाटायला लागलं. ओळखीने मिळालेली जागा कंडक्टर बदलला की जाते. नियमाने मिळालेली, नियम नीट वाचला असेल, तर आठवीत शाळा सोडलेल्यालाही मिळते. फक्त वाचताना सोबत कोणीतरी लागतं.

बायकोला दिवस गेले. सातव्या महिन्यात आईचा व्हिसा आला, काकूंनी पॉइंट चालतील आणि तारीख बदलता येईल असं तिकीट काढलं. पॉइंट एका मोठ्या विमानापुरते, एका बाजूचे, जेमतेम पुरत होते. पण आम्हाला हव्या त्या तारखांना पुढची एकही सीट पॉइंटवर निघत नव्हती. इथल्या दाईने सांगितलं, बाळ लवकरही येऊ शकतं. मी काकूंना फोन केला आणि सगळं एका दमात सांगितलं.

"रडून राह्यला काय?"

"नाई."

"मंग ठीक हाय. मी रोज दुकान उघडलं का पाहीन. तत्काळसाठी जिंदगीभर तेच केलं."

त्या रोज सकाळी बघायच्या. तेव्हा इकडे संध्याकाळच्या जेवणाची तयारी चालू असायची. मेसेज यायचा, "आज नाई." दुसऱ्या दिवशी, "आज बी नाई." एकदा नुसतंच "पाह्यलं." मी फोन मसाल्याच्या डब्यांशेजारी ठेवायचो आणि त्याच्याकडे बघत कांदे कापायचो. एक दिवस नानची कणीक मळत असताना आला : "हाय. दोन दिवस आधीचं. तिकिटाची तारीख बदलली मी. आत्ताच पॉइंट लाव."

हात कोपरापर्यंत भरलेले. तंदूरवाल्या मित्राने माझा फोन समोर धरला. मी पीठ लागल्या बोटाने आईचं नाव उघडलं आणि तिथेच अडकलो. काकूंना फोन लावला.

"काकू, नाव तिकिटावर हाय तसंच हाय ना?"

"तसंच हाय."

"मधातलं बापाचं नाव..."

"बाबू, तसंच हाय. दाब."

मी दाबलं. सीट पक्की झाल्याचं दिसलं तेव्हा तंदूरवाला म्हणाला, आता तरी कणकेत हात घाल, गिऱ्हाईक येतील.

आई व्हीलचेअरवरून बाहेर आली तेव्हा मी तिच्या तोंडाआधी तिच्या पायाकडे पाहिलं. सूज नव्हती. गाडीत बसल्यावर ती म्हणाली, "पाय लांब केला तं समोर कोनीच नाई. मी दोनदा पाह्यलं, कोनाचं सामान तं नाई तिथं. डाव्याले काईच झालं नाई. उजवा दुखून राह्यला, पन त्याले कोनी इचारलंच नाई."

नवव्या दिवशी मुलगी झाली. आई खाली बसून दोन्ही पाय लांब करते, बाळाला पायांवर पालथं घालते आणि तेल लावते. म्हणते, या कामाले गुडघा वाकाची गरजच नाई. बायको जवळ बसून शिकते. मी दारातून बघतो आणि अजूनही मनात एकेक गोष्ट तपासत असतो : तारीख, तिकीट, नाव. सगळं झालेलं असतं.

एक गोष्ट आईने मागाहून सांगितली. काकू तिच्यासोबत नागपूरच्या विमानतळापर्यंत गेल्या होत्या, सीट डाव्या हाताच्या रस्त्याचीच आहे ना ते आतल्या माणसांना विचारायला, कागद घेऊन. त्यांना दारातच थांबवलं. तिकीट नसलेल्याला आत जाता येत नाही. "काचेतून हात करत राह्यली बिचारी," आई म्हणाली. "मले म्हने, आत कसं असते ते सांगजो, मी कधी गेलीच नाई."

इतक्या लोकांना विमानात बसवलेली बाई. मी कधी विचारलंही नव्हतं.

माझ्या खात्यात आता पॉइंट उरलेले नाहीत. आम्ही पुन्हा त्याच लांबच्या दुकानातून सामान आणायला लागलो आहोत. काकूंचं नाव मी खात्यात नोंदवलं, त्या जागी नातं विचारतात; तिथे मी काकू लिहिलं आहे, आणि नियम दोनदा वाचून खात्री केली आहे की ते चालतं. वेळ लागेल. पण काकू, एक दिवस तुम्ही त्या दारातून आत जाल, हातात स्वतःच्या नावाचं तिकीट घेऊन, आणि ते वेटिंगचं नसेल. तुमचं दुकान तेवढे दिवस बंद ठेवायची तयारी मात्र तुम्हीच करा.