अकरा फिटरांचा अर्ज

परभणीच्या फलाटावर बाबांनी माझी पत्र्याची पेटी स्वतः उचलून डब्यात ठेवली आणि शेजारी बसलेल्या अनोळखी माणसाला सांगितलं, "पोराला चार भाषा येतात. पुण्याकडं नोकरीला जायलाय." मी छाती फुगवून बसलो होतो. आज त्या वाक्याचा राग येतो. उर्दू मला येत होती, मराठी येत होती, हिंदी रेटून नेता येत होती. इंग्रजी येत नव्हती, इंग्रजी अक्षरं येत होती. हा फरक बाबांना ठाऊक नव्हता आणि मलाही नव्हता. या फरकापायी नोकरी गेली ती मात्र दुसऱ्याच माणसाची.

तुम्ही गावाकडचे म्हणता, नारायण तिकडं जाऊन कडू झाला. आला तरी दोन दिवसांवर राहत नाही, बोलला तर टोचून बोलतो. खरं आहे ते. आता तुमची नातवंडं महाळुंग्याच्या कंपन्यांत शिफ्ट करायला येतात, पहिल्या आठवड्यात माझ्याकडे जेवून जातात आणि विचारतात, आजोबा, तुमच्या वेळी कसं होतं? म्हणून एकदाचं लिहून टाकतो. गोड करून लिहिणार नाही.

आमची शाळा निजामाच्या राज्यातली. गणित उर्दूत, इतिहास उर्दूत. मी मॅट्रिकला पोचलो आणि निजामच गेला. दहा वर्षं घोकलेलं सगळं एका वर्षात कुणी विचारेनासं झालं. पुण्यात आतेभावाकडे राहून सहा महिने टायपिंग शिकलो. समोर ठेवलेला मजकूर डोळे झाकून उतरवायचा, एवढीच ती विद्या. बोटं चांगली पळायची. त्या जोरावर कासारवाडीजवळ लोखंडी पंपांचे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात टायपिस्ट म्हणून लागलो. निजाम जाऊन चार-पाच वर्षं झाली होती तेव्हा. आजूबाजूला ज्वारीची शेतं, मध्येच एखादी शेड, आणि पलीकडे पिंपरीत सिंधी निर्वासितांच्या बराकी. तो कारखाना कधीच बंद पडला. त्याचं नाव मी लिहीत नाही, त्याला तेवढा मानही द्यायचा नाही.

ऑफिसात हेडक्लार्क होते देवस्थळी. पुण्याहून सायकलवर यायचे, कोटाच्या खिशात दोन पेनं. मी पहिल्या दिवशी म्हणालो, "साहेब, मी टाइप करायलो." ते सगळ्यांकडे वळून म्हणाले, "ऐकलंत? करायलो! निजामाने माणूस पाठवलाय." त्या दिवसापासून ऑफिसात मी 'निजाम'. चार वर्षं माझं नाव कुणी उच्चारलं नाही. मी हसून घ्यायचो. हसून घेतलं, याची लाज मला त्यांच्या चेष्टेपेक्षा जास्त वाटते.

शेडमध्ये मात्र मला 'मास्तर' म्हणायचे. तिथे अकरा फिटर होते आणि त्यांच्यातलाच एक, त्यांचा म्होरक्या, युसूफभाई. कासारवाडीचाच, बापजाद्यांपासून तिथला. यंत्राच्या आवाजावरून दुखणं सांगणारा माणूस. शेडमधल्या ग्राइंडरच्या चाकाला जाळी नव्हती आणि कुणाला चष्मा नव्हता. एके दिवशी एका फिटरच्या डोळ्यात लोखंडाचा कण गेला. डोळा वाचला नाही. चार दिवसांनी युसूफभाई माझ्या टेबलापाशी आला.

"मास्तर, तुला इंग्रजी येतं न्हवं?"

"येतं म्हणजे काय? सांग, काय लिहायचं?"

"आमाला जाळी पायजे न् चष्मे पायजेत. अकरा जणांचा अर्ज कर. मराठीतला अर्ज म्यानेजर वाचत न्हाई."

मला येत नाही, हे तीन शब्द तेव्हा बोललो असतो तर पुढचं काही घडलं नसतं. पण दिवसभर निजाम म्हणवून घेतल्यावर एखादा माणूस मास्तर म्हणतो, तेव्हा जीभ वळत नाही. मी देवस्थळींची जुनी पत्रं चाळली. काही शब्दांत s च्या आधी वर एक टिकली दिसायची. ती कशासाठी असते ते ठाऊक नव्हतं, पण रुबाबदार दिसायची. मी ती शब्दाच्या शेवटी जिथे s दिसला तिथे ठोकून दिली. मथळा टाइप केला, The fitter's request. खाली अकरा जणांची नावं. युसूफभाईने सगळ्यात वर सही केली, बाकीच्यांनी खाली सह्या केल्या, अंगठे उठवले.

अर्ज देवस्थळींच्या हातून जायचा. त्यांनी वाचला आणि मला हाक मारली.

"निजाम, हा फिटर कोण?"

"साहेब, अकरा आहेत."

"इथे एकच आहे. फिटर्स, टिकली एसच्या आधी. म्हणजे एका फिटरची विनंती. कोण आहे हा एकटा?"

"साहेब, खाली अकरा सह्या आहेत की."

"सह्या दिसतात मला," ते म्हणाले. "इंग्रजीही दिसतं."

आणि ते अर्ज घेऊन मॅनेजरच्या खोलीत गेले. दार उघडंच होतं. मी माझ्या कानांनी ऐकलं. मागणी एकाच माणसाची आहे, अर्जातच तसं लिहिलंय, बाकीच्या दहांना फूस लावलेली दिसते. त्या माणसाला सगळं समजत होतं. चूक माझी आहे हे समजत होतं, अकरा माणसं आहेत हे समजत होतं, गेलेला डोळाही त्याने पाहिलेला होता. तरी त्याने ती टिकली उचलली आणि युसूफभाईच्या गळ्याला लावली. दुसऱ्या दिवशी युसूफभाईला कामावरून काढलं. कारण दिलं, कामगारांना चिथावणी. बाकीचे दहा गप्प झाले.

त्या संध्याकाळी मी त्याच्या घरी गेलो. अंगणात तो हत्यारं तेलाने पुसत बसला होता. मी सगळं सांगितलं. टिकली, एक फिटर, देवस्थळी. तो माफ करील, नशिबाला दोष देईल, असं मला वाटलं होतं. त्याने मान वर केली नाही.

"तुला येत न्हवतं तर सांगायचं व्हतंस. आमी दुसऱ्याकडनं लिहून घेतलं असतं."

एवढंच. बस म्हणाला नाही. त्याची बायको चहा घेऊन दारापर्यंत आली होती, त्याने हाताने थांबवलं. मी उभ्यानेच परत फिरलो.

पिंपरीच्या बराकीत लछमनदास मास्तर राहायचे. कराचीत शाळेवर इंग्रजी शिकवायचे. त्यांना उर्दू चांगली येत होती, म्हणून मी त्यांच्याकडे गेलो. रोज सकाळी कामाआधी तासभर. तेही कडवट माणूस, चुकलं की वही फेकायचे. पहिल्या दिवशी माझ्या अर्जाची कार्बन प्रत वाचून म्हणाले, "निशान बाद में लगाओ. पहले पूछो, मालिक एक है या कई?" मग पाटीवर लिहिलं. एकाचं असेल तर टिकली s च्या आधी. अनेकांचं असेल तर s च्या नंतर, fitters'. आणि men, children असे शब्द आधीच अनेकवचनी असतील, तर टिकली पुन्हा s च्या आधी, men's, children's. मी पाटीकडे बघत राहिलो. आपल्याकडे फिटराचा आणि फिटरांचा, एका अनुस्वाराचा फरक. तो अनुस्वार मी मराठीत कधी चुकलो नव्हतो. दहा माणसं एका ठिपक्यात मावतात हे मला दुसरीपासून माहीत होतं. रडू आलं नाही. संताप आला, आणि तो अजून गेलेला नाही.

चार महिन्यांनी मी दुसरा अर्ज लिहिला. The fitters' request. The men's eyes. Their children's bread. जाळी, चष्मे आणि युसूफला परत घ्या. दहा जण सही करायला घाबरत होते, म्हणून वर पहिली सही मी केली, मग त्यांनी केल्या. एक प्रत देवस्थळींच्या हातात दिली, दुसरी सरकारी कारखाना निरीक्षकाला रजिस्टर पोस्टाने.

देवस्थळींनी चष्मा पुसून तो कागद तीनदा वाचला. लाल पेन्सिल हातात होती. ती कागदाला टेकली नाही.

"कुणी लिहून दिलं?"

"आता मीच लिहायलो, साहेब," मी म्हणालो. मुद्दाम तसंच म्हणालो. ऑफिसात कुणी हसलं नाही.

महिन्याभरात निरीक्षक आला. जाळी बसली, चष्मे आले. युसूफभाईला परत घेतलं नाही. मला ऑफिसातून काढून गोदामात खिळे-बोल्ट मोजायला बसवलं. देवस्थळी निवृत्त झाले तेव्हा गोदामापर्यंत आले आणि हात पुढे केला. म्हणाले, "झालं गेलं विसरा, नारायणराव." माझं नाव त्यांना माहीत होतं तर. मी हात पुढे केला नाही. त्याचा पश्चात्ताप नाही, तुम्ही कितीही म्हणा.

युसूफभाईने कासारवाडीतच विहिरीवरची इंजिनं दुरुस्त करायचं दुकान टाकलं. मी रोज त्याच्या दुकानावरून जायचो. तो कामात मान घालायचा. अशी सहा वर्षं गेली. मग कारखान्यांसाठी जमिनी घ्यायला सुरुवात झाली आणि गावोगाव इंग्रजी नोटिसा आल्या. एका रविवारी थेरगावचे तीन भाऊ माझ्या खोलीच्या दारात उभे राहिले. हातात सरकारी कागद.

थोरला म्हणाला, "युसूफभाईनं धाडलं. म्हणला, त्या मास्तरकडं जा. त्यो एकदा चुकलाय, आता चुकायचा न्हाई."

मी त्यांना आत घेतलं. त्या दिवसानंतर कागद घेऊन माणसं येतच राहिली. युसूफभाई स्वतः कधी आला नाही आणि मरेपर्यंत माझ्याशी बोललाही नाही. मयतीला मी गेलो, तेव्हा त्याच्या मुलाने मला पुढच्या रांगेत जागा करून दिली.

तुम्ही विचारता, म्हातारपणी तरी घरी का येत नाहीस. गावात आलो की तुम्ही मला खुर्चीवर बसवता आणि पोरांना सांगता, हे फार शिकलेले. तिथे माझा जीव गुदमरतो. कासारवाडीत मी काय करून बसलो ते सगळ्यांना ठाऊक आहे, तरी कागद घेऊन लोक माझंच दार वाजवतात. मी घरीच आहे.