बाईंचा एक मिली

आज वॉर्डात बाळाला सिरप पाजताना त्याचा गोडसर वास आला आणि नगरचं नर्सिंग कॉलेज आठवलं. "अकोले तालुक्याच्या डोंगरात गणित शिकवत न्हाईत का गं?" असं म्हणून आमच्या ट्यूटर बाई मला रोज वर्गासमोर हिणवायच्या.

त्या दिवशी बाईंनीच फळ्यावर तान्ह्या बाळाच्या सिरपचा डोस काढला. उत्तर आलं ०.८६ मिली आणि त्यांनी सरळ एक मिली लिहिलं. मी मुद्दाम गप्प बसले. प्राचार्य मॅडम रोजच्या फेरीला वर्गात आल्या, तेव्हा उठले.

"बाई, एवढ्याशा बाळाला जास्तीचं औषध जाईल की."

मॅडमनी फळा पाहिला. "बरोबर आहे तिचं. पुसा ते."

बाईंनी मान खाली घालून पुसलं.

तेव्हा मी दबक्या आवाजात बोलले होते. आता वाटतं, आणखी मोठ्यानं बोलायला हवं होतं.