पूजेतली बंदूक आणि पाच दरोडेखोर

नवरात्र जवळ आलं की ती घटना मला आजही हटकून आठवते. शिराळ्याच्या बाजूच्या एका पोलीस ठाण्याचा मी तेव्हा प्रभारी अधिकारी होतो. निवृत्ती जवळ आली होती आणि उरलेला काळ शांततेत जावा एवढीच माझी माफक इच्छा होती. पोलिसाने अशी इच्छा मनातसुद्धा धरू नये.

हद्दीतल्या एका मोठ्या गावात सलून चालवणारा एक इसम आमचा जुना बातमीदार होता. गिऱ्हाईक दाढीला बसलं, मान मागे टाकली, की त्याची जीभ सैल होते, हा माझा अनुभव आहे. एका सकाळी हा सलूनवाला ठाण्यात आला आणि आवाज खाली घेऊन म्हणाला, "साहेब, गावातली पाच पोरं बँक लुटायचं बोलत्यात. खंडेनवमीचा दिवस धरलाय. तवा बंदूक पूजेत असती म्हणं."

शेवटचं वाक्य ऐकून मी खुर्चीत सरळ बसलो. खंडेनवमीला आपल्याकडे हत्यारं, अवजारं, गाड्या पूजेला लावतात आणि दसऱ्याची पूजा होईपर्यंत त्यांना कुणी हात लावत नाही. त्या गावच्या बँकेत पहाऱ्याला एक माजी सैनिक होता. सगळं गाव त्याला फौजीमामा म्हणायचं. नवमीला सकाळी तो आपली बारा बोअरची बंदूक देवीच्या फोटोपुढे ठेवायचा, तिला झेंडूचा हार घालायचा आणि दिवसभर नुसती काठी घेऊन दारात बसायचा. बँक त्या दिवशी चालूच असे. आमच्या ठाण्यातही शस्त्रपूजा होते, पण पहाऱ्यावरच्या शिपायाची रायफल हळद-कुंकू लावून लगेच त्याच्या हातात परत दिली जाते. बँकेत तेवढी काळजी कुणी घेतली नव्हती, आणि कुणीतरी ते बरोबर हेरलं होतं.

स्टेशन डायरीला नोंद घेतली. पाच जण मिळून करतात त्या लुटीला कायदा दरोडा म्हणतो, आणि दरोड्याची नुसती तयारीही गुन्हाच आहे. पाचही जणांना चौकशीला बोलावून वेगवेगळं बसवलं. कुणाच्या नावावर आधीचं काही नव्हतं. एक वायरमन, एकाची स्वतःची पिकअप गाडी, दोघं घरचा ऊस बघणारे. पाचव्याचं नाव मात्र माझ्या टेबलावर आधीच आलेलं होतं. तो लष्करभरतीत निवडला गेला होता आणि त्याच्या चारित्र्य पडताळणीचा कागद माझ्या सहीसाठी थांबला होता. गुन्हा दाखल झाला असता तर त्याची वर्दी अंगावर चढायच्या आधीच उतरली असती. हे त्यालाही ठाऊक होतं आणि बाहेर व्हरांड्यात बसलेल्या त्याच्या आईलाही. हवालदाराने दिलेला चहा तिने तसाच गार होऊ दिला.

माझ्यापुढे सोपा रस्ता होता. गुन्हा दाखल करायचा, दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात 'दरोड्याचा कट उधळला' म्हणून छापून आणायचं आणि वरिष्ठांची शाबासकी घ्यायची. पण चौकशीत काहीतरी खटकत होतं. कट करणारा माणूस आधी सगळं नाकारतो. ही पोरं सुरुवातीला चाचरली, पण योजना सांगायची वेळ आली की खुलायची. वायरमन तर मला अलार्मची वायर कुठून जाते ते हातवारे करून समजावू लागला.

"हे सगळं शिकलास कुठं?" मी विचारलं.

"पिक्चर बघितलाय साहेब. सांगलीला जाऊन बघितला, मग मोबाईलवर लय वेळा बघितला."

पुरावाच समजा म्हणून मी तो सिनेमा हवालदाराच्या मोबाईलवर जेवणाच्या सुट्टीत बघायला घेतला. बँक लुटणारी एक धांदरट टोळी, कुणाला खरचटतसुद्धा नाही, आणि पोलीस नेहमी चुकीच्या गल्लीत शिरतात. पहिल्यांदा मला राग आला. पण थोड्याच वेळात मी हसत होतो आणि तिजोरी उघडेना तेव्हा माझाच जीव वरखाली होत होता. इतकी वर्षं चोर पकडण्यात घालवलेला माणूस चोरांच्या बाजूला जाऊन बसला होता. हवालदार माझ्याकडे बघत नव्हता, हे त्याचे उपकार.

मग मला त्या पोरांचं कोडं थोडं उलगडलं. सिनेमातल्या टोळीत प्रत्येकाला नेमून दिलेलं काम असतं आणि त्याच्यावाचून सगळ्यांचं अडतं. या पोरांना गावात एरवी कोण विचारत होतं? संध्याकाळी पारावर बसायचं आणि आपलीही एक टोळी आहे असं समजून योजना पुढे न्यायची, हा त्यांचा विरंगुळा झाला होता. अर्थात माझं असं वाटणं हा काही पुरावा नव्हे. म्हणून मी प्रत्येकाला एकच प्रश्न विचारला, "बँकेतून निघाल्यावर पळणार कशातून?"

चौघांनी पिकअपचं नाव घेतलं. पिकअपवाला मात्र माझ्याकडे बघतच राहिला.

"नवमीला? नवमीला गाडी कशी काढायची साहेब? ती पूजेत असती. आई दसऱ्यापर्यंत चावीला हात लावू देत न्हाई."

हवालदार तोंड फिरवून खोकू लागला.

"अरे, मग पळणार होतास कसा?"

"त्येचा इचार कवा केलाच न्हाई," तो खाली मान घालून म्हणाला. "आमास्नी खरंच जायाचं कुठं व्हतं? बसलं की इषय निघायचा. लय मजा यायची."

फौजीमामाची बंदूक पूजेत असते हे ज्यांनी हेरलं, त्यांची गाडीही त्याच पूजेत अडकली होती आणि पाचांपैकी एकाच्याही ते ध्यानात आलं नव्हतं. तरीही घरझडत्या घेतल्या, मोबाईल तपासले. हत्यार नाही, दोर नाही, तोंडाला बांधायचं फडकंसुद्धा नाही. मला इतकं हलकं वाटलं की मी स्वतः बाहेर गेलो आणि त्या आईला म्हणालो, "मावशी, चहा दुसरा मागवतो. हा गार झालाय."

सक्त ताकीद देऊन सोडण्याआधी मी फौजीमामाला बोलावून घेतलं. पोरांनी त्याची माफी मागावी एवढाच माझा हेतू होता. भरती झालेल्या मुलाला तर याच माणसाने पहाटे माळावर पळवून तयार केलं होतं. फौजीमामाने सगळं शांतपणे ऐकलं. तो हसेल असं मला वाटलं होतं.

"साहेब, ह्यांचा हिशोब चुकला," तो म्हणाला. "बंदूक देवीपुढं असली तरी भरलेलीच असती. वेळ आली असती तर मी हार बाजूला करून उचलली असती. देवीला हात जोडले असते आन् बार टाकला असता."

मग तो त्या मुलाकडे वळला.

"तोंड बांधून आला असतास तर तुला मी वळखला नसता रं."

मुलाने वाकून फौजीमामाचे पाय धरले. माझं हसू कुठल्या कुठे गेलं. सिनेमातल्या पहारेकऱ्याला हसायला लावायचं काम दिलेलं असतं. आमच्या फौजीमामाने आयुष्यभर दुसरं काम केलं होतं, आणि तो ते चोख करायचा.

त्याच दिवशी पडताळणीच्या कागदावर 'आक्षेपार्ह काही नाही' असं लिहून मी सही केली. सेवेत अनेक गुन्हे उघडकीस आणले, काहींची बक्षिसंही मिळाली. पण एका सलूनवाल्याने वेळेवर तोंड उघडल्यामुळे न घडलेला हा गुन्हा आठवला की मला जास्त बरं वाटतं. असे सिनेमे मी आजही आवडीने बघतो आणि चोरांच्या बाजूनेच बघतो. पहारेकरी दिसला की मात्र बायको मला विचारते, "आवं, हसायचं सोडून तुमी गप का झाला?"